जयवंताची पेस्ट

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दोन माणसांना कुणी दुरुस्तीला बोलवत नाही. एक माझा मेहुणा जयवंत आणि दुसरा मी. जयवंताला बोलवत नाहीत, कारण तो येतो. मला बोलवत नाहीत, कारण मी त्याच्याबरोबर टॉर्च घेऊन येतो.

जयवंत म्हणजे माझ्या बायकोचा, वनमालाचा, धाकटा भाऊ. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याचे पंप बनवणारा एक कारखाना होता, तिथे तो फिटर. कारखाना बंद पडला, जयवंत पडला नाही. तो घरी आला आणि घराला कारखान्यासारखं वागवू लागला. त्याच्या घरातली वस्तू दुरुस्तीला बाहेर जात नाही. गेलीच तर थेट भंगारवाल्याकडे जाते, आणि तेव्हासुद्धा तो भंगारवाल्याला ती कशी उघडायची ते समजावून सांगतो.

कारखान्यात नवा सुटा भाग आला की गंज चढू नये म्हणून त्याच्यावर वंगण थापलेलं असायचं. ते आधी पुसायचं, मग भाग बसवायचा. ही एक गोष्ट जयवंताच्या हाडात इतकी मुरली की घरात येणारी प्रत्येक नवी वस्तू आधी थिनरच्या फडक्याखालून जाते. कुकर गेला, वजनकाटा गेला, मिक्सर गेला. त्याची मुलगी जान्हवी लहान असताना तिला वाढदिवसाला चावीचं बदक आलं होतं. तेही गेलं. बदक पिवळं होतं, ते पांढरं झालं. जयवंत म्हणाला, रंगच कच्चो होतो.

आता माझं. मी कणकवलीच्या खालच्या अंगाचा. शाळेच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो. मुंबईत माझे केस गेले, दात गेले, भाषा तेवढी गेली नाही. बँकेतल्या बाईंशीसुद्धा मी मालवणीतच बोलतो, आणि त्या मला दुसऱ्या खिडकीवर पाठवतात. तिथल्या बाई पहिल्या खिडकीवर पाठवतात. भाषा जगवायची तर थोडं चालावं लागतं.

मे महिन्यात गावाहून येताना लोक आंबे आणतात, काजू आणतात. मी फणसाचा चीक आणतो. फणस कापला की जो पांढरा चिकट रस गळतो, तो काठीला गुंडाळत जायचं. वाळला की त्याचा तपकिरी गोळा होतो. मग हवा तेव्हा निखाऱ्यावर मऊ करायचा आणि फुटक्याला लावायचा. मुंबईत निखारा नाही, म्हणून मी गॅसवर धरतो. बादली, कुंडी, चपलेचा तळ, चश्म्याची काडी, सगळं मी चिकाने सांधलंय. ते टिकतं की नाही हा वेगळा विषय आहे. वनमाला म्हणते, “तुमच्या डोक्याची फट तेवढी बुजवूची ऱ्हवलीहा.”

तर जान्हवी मोठी झाली आणि घरांची चित्रं काढू लागली. कागदावर नव्हे, कॉम्प्युटरवर. घर बांधायच्या आधीच ते पडद्यांसकट दाखवायचं, खिडकीतून येणाऱ्या उन्हासकट. अशा कामाला दणकट मशीन लागतं. तयार घ्यायचं तर परवडेना, म्हणून तिने घाटकोपरच्या एका दुकानातून एकेक भाग आणला आणि घरी जोडायचं ठरवलं. जयवंताला जे सुख झालं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मुलीने मागितलंय काय, तर जोडणी.

त्या दिवशी तिने प्रोसेसर स्वतःच्या हाताने बसवला. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. बिस्किटाएवढं असतं, आणि काम करू लागलं की तापतं. म्हणून त्याच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा बसवतात आणि ठोकळ्यावर पंखा. ठोकळा ताप ओढून घेतो, पंखा तो उडवून लावतो. ठोकळा बसवायचा राहिला आणि तिची क्लासची वेळ झाली. राहू दे, मी आल्यावर बसवते, असं सांगून ती गेली. ती आली तेव्हा ठोकळा बसलेला होता, पंखा फिरत होता आणि जयवंत हात पुसत होता.

त्याच दुपारी जयवंत माझ्या दारात येऊन चिकाची काठी मागून घेऊन गेला होता. कशाला, ते मी विचारलं नाही. माझा चीक कुणी मागितला की मला इतका आनंद होतो की प्रश्न सुचत नाहीत.

काही महिने बरे गेले. मग जान्हवीला मोठी कामं मिळू लागली आणि मशीन कुरकुरू लागलं. आधी पंखा भाताच्या गिरणीसारखा घरघरायचा, मग पडदा काळा. पुन्हा चालू केलं की तेच. तिने निदान केलं: डोकं तापतंय. ठोकळा काढायचा, डोक्याचा ताप ठोकळ्यापर्यंत पोचवणारी खालची जुनी थर्मल पेस्ट पुसायची, नवी लावायची. नव्या पेस्टची ट्यूबही तिने आणून ठेवली. मग आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाली, “पप्पा, मी करणार आहे. तुम्ही हात लावायचा नाही. आणि काका, तुम्ही टॉर्चसुद्धा लावायचा नाही.”

हे झालं शनिवारी. रविवारी सकाळी जयवंत माझ्याकडे आला. मीरा, त्याची बायको, जत्रेसाठी गावी गेलेली, त्यामुळे घरात त्याला अडवणारं कुणी नव्हतं. चहा न पिताच तो बसला.

“भावोजी, चेडू मरोळाक खोली बघूक गेलां.”

माधुरी म्हणून जान्हवीची मैत्रीण आहे, तिच्याबरोबर राहायला. नवं काम त्या बाजूच्या ऑफिसातलं, वेळेचा काही भरवसा नाही, म्हणून जवळ खोली. मी म्हटलं, मरोळ काय लांब नाही.

“लांब नाय तां माका म्हायत आसा. मी थय जल्मभर गेलंय,” जयवंत म्हणाला. “पण रोज परत इलंय.”

मी त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला.

जयवंताचा हिशेब सरळ होता. घरचं मशीन बंद पडतं, म्हणून पोरीला ऑफिसच्या मशीनजवळ जाऊन राहावं लागतंय. संध्याकाळी ती यायच्या आत घरचं मशीन ठणठणीत केलं, की जायचं कारणच उरत नाही. मला हा हिशेब इतका बिनचूक वाटला की मी लगेच टॉर्च घेतला. तिने लावू नका म्हटलं होतं. पण हातात धरू नका असं म्हटलं नव्हतं.

त्याच्या दिवाणखान्यात चटई टाकून आम्ही कॉम्प्युटर आडवा केला, बाजूचा पत्रा काढला. पंख्याची वायर सोडवली, ठोकळ्याचे चारही स्क्रू काढले. इथपर्यंत जयवंताचा हात लोण्यातून फिरावा तसा फिरला. मग त्याने ठोकळ्याला दोन्ही हातांनी धरलं आणि वर उचललं.

ठोकळ्याबरोबर अख्खा कॉम्प्युटर उचलला गेला.

जयवंताने तो खाली ठेवला, पेटी दोन गुडघ्यांत घट्ट धरली आणि पुन्हा ओढलं. पेटी गुडघ्यांतून सुटली. मग पेटी मी धरली आणि ठोकळा त्याने. तो त्याच्याकडे ओढतोय, मी माझ्याकडे. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणाला असता, मेहुण्या-मेहुण्यांनी घराच्या वाटण्या काढल्यात आणि अडलंय कॉम्प्युटरवर. ठोकळा तसूभर हलला नाही. जयवंत धापा टाकत म्हणाला, “कसो बसलोहा बघ.” आवाजात तक्रार कमी आणि कौतुक जास्त होतं. शेवटी बसवणारा तोच.

इथे मी माझी सूचना मांडली. मी फार कमी सूचना मांडतो आणि त्या का कमी असाव्यात हे दर वेळी सिद्ध होतं. मी म्हटलं, ठोकळ्याला सुतळी बांधूया, दुसरं टोक खिडकीच्या ग्रिलला, आणि मग पेटीला एक हिसका देऊया. गावाला माझा दात असाच काढला होता. जयवंताला ही सूचना इतकी पटली की तो सुतळी शोधायला उठला.

तो स्वयंपाकघरात गेल्यावर मी एकटाच टॉर्च मारत बसलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओढाओढीत, प्रोसेसर ज्याच्यावर बसवलाय तो हिरवा बोर्ड मधोमध किंचित फुगलाय, पापडासारखा.  मशीन बिघडलेलं होतं ते निदान चालत तरी होतं. आम्ही ते मारलं तर पोरगी उद्याच्या उद्या बॅग भरेल, आणि जाताना आमच्याशी बोलणार नाही.

भाग ज्या खोक्यातून आले होते ते खोकं कपाटावर होतं. त्याच्यावर दुकानाचा नंबर होता. मी बाल्कनीत गेलो, दार ओढून घेतलं आणि फोन लावला. विशाल नावाचा दुकानदार होता. मी अडचण सांगितली.

“अंकल, खींचा क्या?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, नाही, अजून विचार चाललाय.

त्याने देवाचं नाव घेतलं आणि समजावलं. या जातीच्या प्रोसेसरला खाली केसासारख्या बारीक सुया असतात, हजारावर. त्या बोर्डाच्या बिळांत नुसत्या उभ्या असतात. ठोकळा सरळ वर ओढला तर चिकटलेला प्रोसेसरही वर येतो, सुया वाकतात, आणि मग त्या प्रोसेसरने कीचेन करायची. आधी गरम करायचं, केस वाळवायचं मशीन असेल तर त्याने. खालचं मऊ झालं की ओढायचं नाही, हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवायचं. शेवटी त्याने विचारलं, पेस्ट कौनसा लगाया था? मी ठसक्यात सांगितलं, कंपनीचीच.

मी आत आलो तेव्हा जयवंत सुतळीची गाठ मारत होता. आता बाहेरच्या माणसाला विचारलं म्हटलं तर तो माझ्याशी जन्मभर बोलला नसता. म्हणून मी खाकरलो आणि म्हटलं, “जयवंता, माडावरचो नारळ ओढून काढतंत काय रे? पिरगळतंत.”

जयवंताने गाठ सोडली नाही. माझ्याकडे वर बघून म्हणाला, “आणि गरम करतंत काय नारळ?”

मी टॉर्च चालू-बंद करून बघितला.

“बाल्कनीतला सगळा हय ऐकाक येता, भावोजी.”

पण त्याने सुतळी बाजूला ठेवली. बाहेरच्याला त्याने विचारलं नव्हतं, मी विचारलं होतं. त्याच्या नियमात ते बसत होतं. जान्हवीच्या कपाटातलं केस वाळवायचं मशीन त्याने स्वतःच आणलं. गुलाबी रंगाचं होतं. वेल्डिंगची बंदूक धरावी तसं धरून तो ठोकळ्यावर गरम वारा सोडू लागला, आणि मी टॉर्च धरला. गरम वाऱ्याला टॉर्च कशाला लागतो हे मला विचारू नका.

थोड्या वेळाने वास आला.

आधी वाटलं, शेजारी कुणीतरी फणस आणलाय. पण डिसेंबरात कसला फणस. वास वाढत गेला. गोडसर, करपट, ओल्या लाकडासारखा. माझं मन सुखावलं. डोळ्यांसमोर आमचं मागचं परसू आलं, विळा घेऊन बसलेली आई आली. डोळे मिटून मी तो वास घेत होतो तेवढ्यात वनमाला बांगड्याचं तिखलं घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, “चीक कोण जाळता?”

माझे डोळे उघडले.

वनमालाने माझ्याकडे पाहिलं. मी जयवंताकडे पाहिलं. जयवंत गुलाबी मशीनकडे पाहत होता.

मग ते सगळं बाहेर आलं. ठोकळा नवीन होता. त्याच्या बुडाला करड्या रंगाचं काहीतरी थापलेलं होतं, ती कंपनीचीच पेस्ट. फिटरच्या डोळ्याला ते काय दिसणार? कारखान्याचं वंगण. जयवंताने थिनरचं फडकं घेतलं आणि बूड आरशासारखं केलं. मग मोबाइलवर व्हिडिओ लावला, तर त्यातला माणूस मधोमध पेस्ट लावत होता. पेस्ट कशाला, तर चिकटायला. व्हिडिओ इंग्रजीत, उष्णतेचं जे काय सांगितलं ते त्याच्या डोक्यावरून गेलं. घरात पेस्ट नाही, जान्हवी यायची वेळ झालेली.

“मगे माझ्या मनात इला,” जयवंत म्हणाला, “त्या ट्यूबीतल्या पांढऱ्यापेक्षा भावोजींचो चीक कितीतरी बरो.”

खरं सांगतो, मला अभिमान वाटला. तो वाटायला नको होता, पण वाटला. पाहा ना, कुठल्या तरी परदेशी कारखान्यात बनलेलं ते बिस्कीट आणि तो ठोकळा, आणि दोघांच्या मध्ये आमच्या परसातला फणस. इतके दिवस माझा एकही जोड टिकत नव्हता. टिकला तो इथे.

वनमाला म्हणाली, “दोघांची डोकी चिकटवूक होई होती.” आणि तिखल्याचं भांडं ओट्यावर ठेवायला गेली.

चीक म्हटल्यावर पुढचं आम्हाला येत होतं. चीक थंड असला की दगड, गरम झाला की हट्ट सोडतो. जयवंताने अजून थोडा वारा दिला, मशीन माझ्या हातात दिलं, आणि ठोकळा पिरगळू लागला. एक केसभर डावीकडे. एक केसभर उजवीकडे. त्याच्या कानशिलावर घाम आला. त्याने हिसका दिला नाही. जयवंताला मी नळ उखडताना पाहिलंय, दाराची कडी चौकटीसकट काढताना पाहिलंय, पण इतक्या हळू हाताने काही करताना पाहिलं नव्हतं. ठोकळा सरकला, फिरला, आणि वर आला. खालून तपकिरी तारा ताणत गेल्या, गुळाच्या पाकासारख्या, आणि एकेक तुटल्या.

मी टॉर्च मारला. बिस्कीट आपल्या जागी होतं.

मग नेहमीचं झालं. चीक जयवंताच्या बोटांना लागला, बोटांवरून त्या गुलाबी मशीनला, तिथून माझ्या टॉर्चला, आणि टॉर्चवरून माझ्या मिशीला. वनमालाने खोबरेल तेल आणून दिलं. तेलाने आम्ही ठोकळा सोडवला, बिस्किटाची पाठ बोळ्याने अलगद पुसली, मग जयवंताच्या साखर तपासायच्या डब्यातलं स्पिरिट फिरवून तेल काढलं. दोघांचे हात कोपरापर्यंत चकाकत होते आणि घरात जळक्या फणसाचा वास कोंडला होता. त्याच वेळी दाराची चावी फिरली.

जान्हवीने दारातच चपला काढल्या. चटईवरून चालत आली, परातीत ठेवलेला बोळा उचलला आणि नाकाशी नेला.

“हे काय आहे?”

“जुनी पेस्ट,” जयवंत म्हणाला.

“पप्पा, हा फणस आहे.”

ती हसेल असं वाटलं, हसली नाही. तिने आधी टॉर्च माझ्या हातातून काढून घेतला आणि प्रोसेसर तपासला. कडेकडेने, वाकून. आम्ही दोघं भिंतीला टेकून, दहावीचा निकाल लागावा तसे उभे. मग तिने ट्यूबमधून वाटाण्याएवढी पेस्ट मधोमध सोडली, ठोकळा ठेवला, स्क्रू तिरपे एकाआड एक पिळले. कॉम्प्युटर उभा केला आणि बटण दाबलं. पडदा उजळला. तिने आपलं सगळ्यात जड काम लावलं, एक बंगला होता, काचाच काचा. आम्ही वाट बघत राहिलो. पंख्याची गिरणी घरघरली नाही. पडद्याच्या कोपऱ्यात तापमान दिसत होतं, ते पहिल्याच्या निम्म्यावर होतं. तेव्हा ती हसली, आणि मग तिला थांबताच येईना. फणस, फणस, एवढंच म्हणत होती.

जयवंताला धीर आला. “बाय, आता त्या ऑफिसच्या मशीनसाठी थय जावक नको.”

तिचं हसू ओसरलं. “ऑफिसचं मशीन नाहीच आहे पप्पा. ते म्हणाले, स्वतःचं घेऊन ये. हे चालत नव्हतं म्हणून तर इतके दिवस थांबले होते.”

स्वयंपाकघरात वनमालाच्या हातातली पळी थांबली. जयवंताने फडकं उचललं आणि पेटीचा पत्रा पुसू लागला. पत्रा स्वच्छच होता. मी माझ्या मिशीतला चीक ओढत बसलो.

म्हणजे आमच्या चिकाने मशीनचं डोकं तापवलं, पण पोरीला घरात धरून ठेवलं होतं. आणि तो जोड आम्हीच दोघांनी, गरम वारा देऊन, टॉर्च लावून, सुई न वाकवता सोडवला होता. आयुष्यात एक काम आमच्या हातून बिनचूक झालं ते हे.

जेवायला बसल्यावर जयवंताने विचारलं, खोली कशी हा?

“बरी आहे,” जान्हवी म्हणाली. “मालकाची बादली तेवढी फुटकी आहे.”

“फुटकी?” जयवंताने बांगड्यावरून मान वर केली.

पुढच्या रविवारी आम्ही कॉम्प्युटर मरोळला नेला. रिक्षात जयवंत पेटी मांडीवर घेऊन बसला होता, नव्या बाळाला घेऊन बसावं तसा, आणि रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याआधी सूचना देत होता. त्याच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या गल्लीवरून रिक्षा गेली, पण त्याने तिकडे बघितलं नाही. पुढे अजून एक खड्डा होता.

खोलीत जान्हवी टेबलाखाली बसून वायरी जोडू लागली. आम्हाला तिथे काम नव्हतं. जयवंत मोरीत गेला, बादली उलटी करून बघितली, चीर बोटाने चाचपली, आणि बाहेर येऊन माझ्यासमोर नुसता हात पसरला. मी पिशवीतून काठी काढून दिली. त्याने तिथल्या गॅसवर गोळा मऊ केला. खोलीत वास पसरला.

माधुरीने नाक मुरडून विचारलं, “काका, हे काय लावताय?”

मी सविस्तर सांगणार होतो. फणस, परसू, आई, सगळं. पण टेबलाखालून, डोकं वर न काढता, जान्हवीनेच उत्तर दिलं.

“थर्मल पेस्ट.”